नळ गळत होता, वगैरे

पडलो तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. न्हाणीघरात पाऊल टाकलं, लादी ओली होती, आणि काही कळायच्या आत मी उजव्या तळहातावर आदळलो. पडताना माणूस हात पुढे करतोच. डोकं वाचवायची ती शरीराची जुनी खोड. आवाज फारसा झाला नाही. मनगटाकडे पाहिलं तेव्हा मात्र ते माझं वाटेना. वर उंचवटा, खाली खळगा, जेवणाच्या काट्याला असतो तसा बाक. दुखायला लागलं ते बघून झाल्यावर.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडलात?"

"नळ गळत होता. लादी ओली झाली आणि पाय घसरला."

त्यांनी मान डोलावली आणि एक्स-रेची चिठ्ठी लिहिली. या मोडीला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात, हे नंतर पडून पडून वाचलं. अब्राहम कॉलिस या आयरिश शल्यचिकित्सकाने १८१४ साली तिचं वर्णन लिहिलं. एक्स-रेचा शोध १८९५चा. म्हणजे आतलं काहीही दिसत नसताना त्या माणसाने केवळ बाक पाहून आणि हाताने चाचपून काय मोडलंय ते ओळखलं. आमच्या घरी तो नळ चार महिने कानावर टपटपत होता.

हाड बसवलं, ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. प्लॅस्टर धरताना चांगलं गरम होतं, ते मला माहीत नव्हतं. पूड पाणी पिऊन पुन्हा दगड होते आणि होता होता ऊब सोडते. त्या दिवसातला तेवढाच काय तो सुखाचा भाग. सहा आठवडे हात गळ्यात. उजवा हात, आणि मी उजखोरा.

दुपारी थोरली प्लॅस्टरवर पेनाने मासा काढत बसली होती. तेरा वर्षांची आहे, त्या आठवड्यात तिची व्याकरणाची चाचणी होती. मासा अर्ध्यावर ठेवून म्हणाली, "बाबा, सकाळी डॉक्टरांना जे सांगितलंस त्यात तू कुठेच नव्हतास."

"म्हणजे?"

"नळ गळत होता, कर्ता नळ. लादी ओली झाली, कर्ता लादी. पाय घसरला, कर्ता पाय. तू कुठंयस?"

मी हसलो. ती हसली नाही, तिला खरंच उत्तर हवं होतं. मग तिने माशाला खवले काढले.

मी कुठे होतो ते सांगतो. चार महिन्यांपूर्वी नळ थेंब-थेंब गळायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, प्लंबरला बोलावू. मी म्हणालो, एवढ्याशासाठी प्लंबर कशाला, वायसर तर बदलायचाय, रविवारी करतो. वायसर आणलाही. तो खणात आहे, त्याच्या पिशवीसकट. पुढच्या रविवारी पाहुणे होते, त्याच्या पुढच्या रविवारी पाना सापडेना. बायकोने तीनदा आठवण केली, मग थांबली. तिने तिथे एक पायपुसणं टाकलं आणि ते दर दोन दिवसांनी बदलायला लागली. म्हणजे माझ्या एका न केलेल्या कामातून तिला एक नवं काम लागलं, आणि ते मला दिसलंही नाही. त्या पहाटे पायपुसणं धुवायला टाकलेलं होतं. 'टाकलेलं होतं.' बघा, पुन्हा.

त्या दिवसापासून घरात कर्ता शोधायचा खेळ सुरू झाला. सुरुवात थोरलीने केली, पण नऊ वर्षांच्या धाकट्याने तो डोक्यावर घेतला. आपल्या भाषेत पळवाटा भरपूर आहेत. फुटणं वेगळं आणि फोडणं वेगळं, पडणं वेगळं नि पाडणं वेगळं, तुटणं-तोडणं, फाटणं-फाडणं. ग्लास फुटला म्हटलं की ग्लासाच्याच मनात काहीतरी आलं असावं असं वाटतं. सांडणं आणि हरवणं ही तर दुतोंडी क्रियापदं. 'पेन हरवलं' यात पेन आपल्या पायांनी गेलेलं असतं, आणि 'मी पेन हरवलं' म्हटलं तरी क्रियापदाचं रूप तेच, फक्त पुढे एक 'मी' लागतो. त्या एका अक्षराला जीभ किती अडते ते प्रयोग करून बघावं. धाकटा पहिल्या दिवशी म्हणाला, "पाणी सांडलं." थोरली म्हणाली, "कर्ता?" तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "टेबल हललं."

माझं आवडतं क्रियापद कोणतं, हे मला आठवड्याभरात कळलं: राहून गेलं. बिल भरायचं राहून गेलं. फोन करायचा राहून गेला. शाळेच्या कागदावर सही राहून गेली. यात एक गोड हळहळही असते, जणू काम एखाद्या स्टेशनवर उतरायचं विसरलं आणि गाडी निघून गेली. बायकोच्या वाक्यांमध्ये मात्र उलटा प्रकार निघाला. ती सगळ्याच वाक्यांची कर्ता होती. धाकट्याने वही घरी विसरली तर ती म्हणायची, "मीच दप्तर बघितलं नाही." थोरलीला ताप आला तर, "माझंच लक्ष नव्हतं." मी माझा कर्ता वाक्यातून काढत होतो आणि ती दुसऱ्यांच्या वाक्यांतही स्वतःला नेऊन बसवत होती. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर हे पंधरा वर्षं चालू होतं.

आता हातच बांधलेला, त्यामुळे कामं वाटून देणं भाग होतं. मी बाणेदारपणे जाहीर केलं की मी करत असलेल्या कामांची यादी सांगतो, थोरलीने लिहून घ्यावी. यादी अकरा कामांवर संपली. गाडी, बिलं, कचरा, कपड्यांचं मशीन रविवारी, बल्ब, नळ (इथे थोरलीने पेन उचलून माझ्याकडे पाहिलं), असं करत अकरा. मग बायकोला म्हटलं, तूही तुझी सांग. तिने स्वतःच लिहायला घेतलं. पहिलं पान भरलं. त्यात स्वयंपाक वगैरे दिसणारी कामं वरच्या सातआठ ओळींतच संपली होती. खाली लिहिलं होतं: कुणाचे बूट आखूड व्हायला आलेत. कुणाची लस कधी. धाकट्याला अंधाराची भीती वाटते हे सहलीच्या आधी बाईंना सांगणे. थोरलीचं मैत्रिणीशी बिनसलंय, विचारायचं नाही पण घरी असायचं. सासूबाईंच्या गोळ्या संपायच्या आधी चार दिवस. दातांचे ब्रश. दुसरं पान अर्धं झालं आणि तिने पेन खाली ठेवलं.

"हे लिहिणं पण माझंच काम झालं की," ती म्हणाली, आणि उठून गेली.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. अर्ध्या पानावरच थांबलेला.

रिकामा हात आणि रिकामा वेळ असला की माणूस वाचतो. अ‍ॅलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली एक अभ्यास मांडला. घरच्या कामाचा डोक्यातला भाग त्यांनी चार पायऱ्यांत मोडला: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही ते बघत राहणं. ठरवण्याच्या पायरीवर नवरे बऱ्यापैकी हजर असतात. पहिली आणि शेवटची, म्हणजे जिथे काहीच दिसत नाही त्या दोन पायऱ्या, मुख्यतः बायकांकडे. मी वाचत गेलो तसा मला आमचा नळच दिसायला लागला. गळतोय हे तिने ओळखलं. प्लंबर हा पर्याय तिने काढला. 'प्लंबर नको, मी करतो' हे मी ठरवलं, मोठ्या रुबाबात. आणि चार महिने बघत राहिली ती.

याच भरात मी एक आगाऊपणा केला. एका कागदाचे दोन तुकडे केले आणि म्हटलं, घरातल्या एकूण कामातलं आपण किती टक्के करतो ते दोघांनी न दाखवता लिहायचं. मी डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, ४५ लिहिलं. मनात ५० होतं, पण विनय म्हणून पाच कमी केले. तिने ८० लिहिलं. बेरीज १२५. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली जोडप्यांना असंच विचारलं होतं आणि त्यांच्याकडेही बेरीज शंभराच्या वर गेली होती. कारण सरळ आहे: स्वतःचं काम केलेलं आठवतं, दुसऱ्याचं बघितलेलं असलं तरच. त्यातली मजा अशी, की भांडण कोण उकरून काढतं असल्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला होता. म्हणजे सगळा प्रकार निव्वळ बढाईचा नाही. हे मी बायकोला अगदी उत्साहाने समजावलं. ती म्हणाली, "बरं. मग ते जास्तीचे पंचवीस कुणाचे?"

मी विषय बदलला. हो, मी बदलला.

कामांचं वाटप झालं ते असं: कचरा धाकट्याकडे, कपडे थोरलीकडे, बिलं माझ्याकडेच, कारण त्याला एक अंगठा पुरतो. शिवाय धाकट्याने आपणहून एक काम घेतलं, माझ्या शर्टाची बटणं लावायचं. रोज सकाळी खुर्चीवर उभा राहून, जीभ बाहेर काढून तो बटणं लावायचा आणि रोज एक बटण चुकायचं. पहिल्या दिवशी मी "राहू दे, आई लावेल" म्हणालो. म्हणताना ते शब्द फार ओळखीचे वाटले. हा दीड वर्षांचा होता तेव्हा मी कपडे वाळत घालायला लागलो की लुटूलुटू यायचा, चिमटे उचलून माझ्या हातात द्यायचा. एखादा वाकडातिकडा, एखादा तोंडात घालून ओला केलेला. आम्ही म्हणायचो, राहू दे रे राजा, तू खेळ जा. घाई असायची. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली १८ महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. त्यात एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि त्याला तो उचलता येत नाही. मुलं स्वतःहून जाऊन चिमटा उचलून देत होती. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत मिळून २४पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, बक्षीस नाही, शाबासकी नाही. चिमटाच, नेमका! आमच्या घरात तो प्रयोग रोज होत होता आणि आम्ही त्याला 'तू खेळ जा' म्हणत होतो. मग त्याच्या नवव्या वर्षी 'याला कशाची जबाबदारी म्हणून नाही' हे वाक्य म्हणायचे तेही आम्हीच.

एक बटण चुकलेला शर्ट घालून मी सहा आठवडे हिंडलो.

मध्येच मी एक चूक केली, ती सांगून टाकतो. ओला टॉवेल पलंगावर टाकणं हे धाकट्याचं जुनं दुखणं. मी दंड लावला: टॉवेल पलंगावर दिसला की खाऊच्या पैशातलं एक नाणं डब्यात. पहिले दोन दिवस टॉवेल दांडीवर. तिसऱ्या दिवशी तो आला, डब्यात दोन नाणी टाकली आणि म्हणाला, "आजचं आणि उद्याचं." त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता; गिऱ्हाईक होता तो. हे असं होतं, हे दोन अर्थशास्त्रज्ञांनी हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत पाहून ठेवलंय आणि ते २००० साली छापूनही आलंय. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुपटीला गेला. आधी शिक्षिका खोळंबतील म्हणून जीव कासावीस व्हायचा, आता त्या खोळंब्याला दर लागला होता. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. मीही डबा काढून टाकला. टॉवेल अजून पलंगावर असतो. निदान फुकटात असतो.

कपड्यांचं मात्र लांबलं. मी थोरलीला काम दिलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. पांढरे वेगळे काढ. चेन लावून टाक. शर्ट उलटे कर. पावडर एवढी नको, फेस जास्त झाला म्हणजे कपडे स्वच्छ निघतात असं नाही, उलट ती खळबळताना निघत नाही नि कापड चिकट राहतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चौथ्या वाक्याला ती थांबली.

"बाबा, तू असं सांगत बसलास तर काम तुझंच राहतं. मी फक्त तुझा उजवा हात."

मी खुर्ची उचलली. म्हणजे डाव्या हाताने ओढत नेली. हॉलमध्ये बसून मशीनचे आवाज ऐकत राहिलो. दार लावल्याचा आवाज, बटणांचे आवाज, आणि मग ते जास्तच लवकर सुरू झाल्यासारखं वाटलं. खिसे बघितले असतील का? उठावं का? खरं सांगतो, मोडलेल्या मनगटापेक्षा ती पंचेचाळीस मिनिटं कठीण गेली. मनगटाला निदान गोळी होती.

खिसे बघितले नव्हते. मशीन उघडलं तर सगळ्या गडद कपड्यांवर पांढऱ्या लगद्याचे कण, पॅंटांवर, मोज्यांच्या आत, बायकोच्या काळ्या ओढणीवर तर चांदणं पडल्यासारखे. थोरलीचा चेहरा पडला. आणि मी, इतके दिवस कर्ता-कर्ता खेळून शहाणा झालेला मी, तडक धाकट्यावर घसरलो. "किती वेळा सांगितलं, खिशात कागद ठेवून कपडे टाकायचे नाहीत!" तो म्हणाला, माझे नाहीत. मी म्हणालो, मग कुणाचे, मशीनचे? तो रडकुंडीला आला. कागद कुणाचा हे ठरण्याआधीच, खिसा तपासायचा धुणाऱ्याने की घालणाऱ्याने, यावर एक छोटं व्याख्यानही माझं देऊन झालं. घालणाऱ्याने, हे माझं ठाम मत होतं.

थोरली मशीनच्या तळाशी हात घालून कण गोळा करत होती. तिने एक जरा मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. त्यावर निळ्या शिक्क्याचा अर्धा गोल होता आणि पुसट अक्षरांत पुढच्या एक्स-रेची तारीख. माझ्या खिशातली इस्पितळाची चिठ्ठी.

कुणीच 'कर्ता?' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी धाकट्याजवळ गेलो आणि म्हणालो, "कागद मी ठेवला. ओरडलोही मीच, आणि विचारायच्या आधी ओरडलो." त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "मग आता व्याख्यान तुला देऊ?" दे म्हटलं. त्याने दिलं. माझंच होतं, शब्दन्‌शब्द, माझ्या हातवाऱ्यांसकट. आपण रागावताना कसे दिसतो हे बघायचं असेल तर नऊ वर्षांच्या मुलाकडून करून घ्यावं. हौस असेल तरच.

ते कण कपडे वाळल्यावर झटकून, ब्रशने निघतात. ओले असताना घासलं तर आणखी रुतून बसतात. हे आम्हाला तीन धुण्यांनंतर कळलं.

नळाची गोष्ट चौथ्या आठवड्यात झाली. तोवर तो गळतच होता, आणि खाली आता पायपुसण्याच्या जागी बादली होती. धाकट्याला शाळेत मापं चालू होती, म्हणून तो लिटरचा मग नळाखाली लावून घड्याळ घेऊन बसला. मग भरायला अडीच तास लागले. त्याने वहीत भागाकार केला: दिवसाला ९.६ लिटर. मग विचारलं, "किती दिवस गळतोय?" मी म्हणालो, पडलो तोवर चार महिने. त्याने १२० लिहिलं, गुणलं आणि उत्तराकडे बघून पुन्हा गुणलं. ११५२ लिटर. त्यानंतरचे दिवस मी त्याला धरू दिले नाहीत, ते एका वडिलांच्या अब्रूचं बघायला हवं होतं. एवढं पाणी म्हणजे किती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तू आणि ताई मिळून पंचाहत्तर-ऐंशी वेळा अंघोळ कराल, बादलीने केलीत तर.

"मी करते," थोरली म्हणाली. "वायसर कुठंय?"

वायसर खणात, पिशवीसकट. पाना मात्र शोधावा लागला. तो माळ्यावर, जुन्या पंख्याच्या खोक्यात निघाला. मी न्हाणीघराच्या दारात उभा राहिलो, उंबऱ्याच्या बाहेर, आणि या वेळी आधी ठरवून घेतलं: ती विचारेल तेवढंच सांगायचं.

ती विचारत गेली. आधी मुख्य कॉक बंद केला, मग नळ उघडून नळीत उरलेलं पाणी काढून टाकलं. वरची टोपी, तिच्या आतला स्क्रू, मूठ. मग पान्याने नट, घड्याळाच्या उलट. नट हलेना. दोनदा पाना सटकला. मी दोन्ही ओठ आत घेऊन उभा. तिसऱ्यांदा तिने पान्याच्या दांडीला टोकाकडे धरलं (कुणी सांगितलं नव्हतं) आणि तो कुरकुरत सुटला. आतला जुना वायसर निघाला तो रबराचा उरलाच नव्हता. वाळून टणक झालेला, आणि मधोमध गोल चरा. वर्षानुवर्षं त्याच एका कडेवर दाबला गेला होता. नळ गळायला लागला की आपण मूठ आणखी आवळतो, आणि आवळलं की तो चरा आणखी खोल जातो. थोरलीने तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

नवा बसवला. मूठ चढवायची, तर 'टिंग' असा आवाज झाला आणि स्क्रू लादीवरून घरंगळत जाळीच्या भोकातून गेला.

"स्क्रू पडला," ती म्हणाली. मग थांबली. "पाडला. मी."

"जाळीवर फडकं टाकायचं असतं आधी," मी म्हणालो. "ते मी सांगायला हवं होतं. मी ते गिळलं, कारण तू विचारलं नव्हतंस."

"एवढं तरी सांगायचं ना रे, बाबा!"

आता हे कुठे मोजायचं ते मला अजून समजलेलं नाही. मशीनपाशी मी फार बोललो, नळापाशी फार गप्प बसलो. बरोबर माप कुठलं ते त्या त्या वेळी कळत नाही, नंतर कळतं, तेव्हा स्क्रू जाळीत गेलेला असतो. धाकट्याने त्याच्या खेळण्यांच्या डब्यातून तसल्याच मापाचा एक शोधून आणला. थोडा लांब होता, मूठ जराशी डुगडुगते. कॉक उघडला. थेंब येतो का म्हणून आम्ही चौघं त्या नळाकडे बघत उभे राहिलो, बायकोसुद्धा, हात पुसत आलेली. एक थेंब आला. सगळे गप्प. दुसरा आला नाही.

बायकोने बादली उचलली. बाकी काही म्हणाली नाही, पण संध्याकाळी बघितलं तर ते पायपुसणं घडी करून कपाटात गेलं होतं. तिने ठेवलं होतं.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापलं. आतला हात बारीक, कोंडा सुटलेला, आणि ताठ, मूठ वळेना. ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळायचा व्यायाम दिला होता. मला वाटलं होतं, हात मोकळा झाला की कामं मागच्यासारखी माझ्याकडे येतील आणि घरात जरा हुश्श होईल. तसं काही झालं नाही. थोरलीने शर्टांच्या घड्या तिच्या पद्धतीने बदलल्या होत्या आणि मला शर्ट सापडत नव्हते. धाकटा कचरा घेऊन खाली जाताना शेजारच्या आजोबांचाही घेऊन जायला लागला होता. ते मला त्या आजोबांकडून कळलं. परवा थोरलीने धुतलेले कपडे रात्रभर मशीनमध्येच ठेवले. पहाटे उघडलं तर कुबट वास. माझा हात आता चालतो, दहा मिनिटांत वाळत घातले असते. झाकण बंद केलं आणि बाहेर आलो, मग पुन्हा आत गेलो, पुन्हा उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. शेवटी तिनेच उठून परत धुतले, सगळ्यांना ऐकू जाईल अशी चिडचिड करत. मी टॉवेल पिळत बसलो होतो.

काल स्वयंपाकघरातला नळ टपटपायला लागला. धाकट्याने कुणाला न सांगता त्याखाली मग लावला आणि शेजारच्या कागदावर वेळ लिहून ठेवली, चार दहा. मी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, रविवारची वाट बघायची नाही, आत्ता. फडकं घेतलं, नवा वायसर घेतला. पाना मात्र जागेवर नव्हता.

"कुठे गेला हा पाना?" मी ओरडून विचारलं.

तिघंही होती तिथेच. तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.